आधी जाळे, मग निवड

शुभवर्तमान या शब्दातले ‘वर्तमान’ म्हणजे बातमी. वर्तमानपत्रात जो शब्द आहे तोच हा. सल्ला पुढे काय करावे ते सांगतो. बातमी काय घडले ते सांगते. ख्रिस्ती शुभवर्तमानाचा गाभा अशी घडलेली गोष्ट आहे. येशू ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात देवाने माणसाला आपले म्हटले, आणि म्हणताना त्याची लायकी पाहिली नाही. चांगले वागणे त्यानंतर येते, कृतज्ञतेपोटी येते. आधी देवाचे देणे, मग माणसाचे वागणे, हा क्रम घरात आणि चर्चच्या कामात सांभाळणे म्हणजेच शुभवर्तमान रोजच्या जगण्यात उतरवणे. क्रम उलटला तर प्रार्थना, फेस्त (चर्चचा सण), वर्गणी, भेटीगाठी सगळे चालू राहते, फक्त शुभवर्तमान त्यातून निघून जाते.

बायबलमधला क्रम

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय हा जकातदार. येशू त्याच्या घरी उतरायला जातो तेव्हा त्याने अजून कोणाचे काही परत केलेले नसते. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट फेडण्याचे वचन तो पाहुणा घरात आल्यावर देतो. पौलाच्या काही पत्रांची मांडणीही अशीच आहे. इफिसकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय देवाने काय केले ते सांगतात. कसे वागावे हे पुढच्या तीन अध्यायांत येते.

जेवणाच्या पंगतीचा प्रश्नही शुभवर्तमानाचाच असतो, हे गलतीकरांस पत्रातून कळते. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडची काही माणसे आल्यावर तो मागे सरला. पौलाने त्याला सर्वांदेखत अडवले. पेत्राची श्रद्धा शाबूत होती, पण कोणाशेजारी बसायचे या साध्या गोष्टीत तो शुभवर्तमान विसरला होता. चर्चमधल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात.

सिंधुदुर्गाची पार्श्वभूमी

या किनाऱ्याला शुभवर्तमान आपल्या भाषेत ऐकण्याची जुनी सवय आहे. शेजारच्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले, तेही मराठी ओवीत. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रुग्णसेवेचे मोठे काम उभे केले. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले, कुडाळ भागातल्या कॅथलिक धर्मग्रामांसाठी 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत झाला.

कोकणातच करजगावी 1861 मध्ये जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तकथा कीर्तनातून सांगितली. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. आपल्या माणसांची यादी कोणाची आणि ती कुठे संपते, हा प्रश्न टिळकांनी तेव्हाच विचारला होता. पुढे सांगितलेली चूक त्याच प्रश्नावर झाली.

वहीची गोष्ट

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. मालवण परिसरात माड आडवे झाले, कौले उडाली, अनेक वाड्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळा तोंडावर होता. कोरोनामुळे प्रार्थनास्थळे बंद होती, त्यामुळे रविवारी माणसे एकत्र भेटत नव्हती आणि कोणाचे काय झाले ते चर्चच्या पायरीवर कळण्याची सोय राहिली नव्हती.

प्रस्तुत लेखक तेव्हा किनाऱ्यावरच्या एका धर्मग्रामात मदतवाटपाचे काम पाहत होता. ताडपत्र्या आणि शिधा आला. घाई होती, म्हणून घरांची यादी हाताशी असलेल्या वहीवरून केली. ती फेस्ताच्या वर्गणीची वही होती. वर्गणी देणाऱ्यांची नावे तीत होती. चार-पाच वर्षे न दिलेल्यांची नावे नवी वही घालताना गळली होती. कोणाला वगळावे असे कोणाच्याही मनात नव्हते. दोन दिवसांत वाटप झाले, हिशेब चोख लागला, समाधानही वाटले.

आठ दिवसांनी रापणीने मासेमारी करणाऱ्यांच्या वाड्यावरून जाताना एका घरावर झावळ्यांचे झाप घातलेले दिसले. माड पडून अर्धे छप्पर खाली आले होते. घरात एक म्हातारी, तिचा खलाशी मुलगा, सून आणि दोन मुले. झाप शेजारच्या बिगरख्रिस्ती गाबीत कुटुंबाने वळून दिले होते. भिंतीवर खुरीस (क्रूस) जागच्या जागी होता आणि त्याच्या खाली, गळके पाणी धरायला, पातेले ठेवले होते. ‘‘काकी, तुम्ही सांगितलं का नाही?’’ असे लेखकाने विचारले. तिने रागावून नव्हे, थकून उत्तर दिले: ‘‘देवाक आमी दिसतंव, बाबा. तुमच्या वहीत दिसणव नाय.’’

ताडपत्री त्याच संध्याकाळी गेली. पण तिच्या बोलण्याला उत्तर नव्हते.

चूक कुठे झाली

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला समुद्रात टाकलेल्या जाळ्याची उपमा आहे. जाळ्यात सर्व तऱ्हेचे मासे येतात, ते भरल्यावर किनाऱ्यावर ओढतात आणि निवड त्यानंतर होते. ही निवड युगाच्या शेवटी देवदूतांकडे सोपवलेली आहे. रापण पाहिलेल्या माणसाला हा दाखला समजावून द्यावा लागत नाही. होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडची माणसे ओढू लागतात. ओढताना मासे कोणी निवडत नाही. निवडायला थांबला तर दोर ढिला पडतो.

त्या मे महिन्यात धर्मग्रामाने निवड आधी केली आणि जाळे मागून टाकले. वर्गणी हा कृतज्ञतेचा भाग, म्हणजे क्रमात नंतरचा. तोच मदतीचा दरवाजा झाला. नियम कोणी केला नव्हता, पण वहीने तो केला. मनातला उलटा क्रम नोंदींत शिरतो आणि पुढे माणसे चांगली असली तरी नोंदी आपले काम करत राहतात, म्हणून ही चूक सहज होते आणि सहज दिसत नाही. दया करणारा शेजारी या वेळीही यादीबाहेरचाच निघाला, जसा चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात निघतो.

धर्मग्रामाच्या कामात काय करावे

घरांची नोंद आणि पैशांची नोंद वेगळ्या वह्यांत ठेवावी. घरांच्या वहीत वाड्यातले प्रत्येक घर असावे: येणारे, न येणारे, रुसलेले, मिश्र विवाहाचे, भाड्याने राहणारे. वर्षातून एकदा ती पायी फिरून तपासावी. टेबलावर बसून तपासू नये. आपत्तीत मदत घराच्या पडझडीवर ठरवावी आणि शेजारच्या बिगरख्रिस्ती घराचे नुकसानही त्याच फेरीत लिहून घ्यावे.

वर्गणी समुद्राचे वेळापत्रक पाहून मागावी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खलाशाच्या घरी त्या काळात पैसा नसतो. त्या महिन्यांत मागणी करू नये, आणि न देणाऱ्यांची नावे तर कधीही वाचून दाखवू नयेत. वर्गणी थकलेले घर दिसले की पहिला प्रश्न घरात काय अडले आहे हा असावा.

हजेरीचेही तसेच. पहाटे जाळ्यावर गेलेला माणूस सकाळच्या मिस्साला येत नाही, याचा अर्थ त्याने देवाला सोडले असा होत नाही. हंगामात संध्याकाळी त्याच्या अंगणात तेर्स (जपमाळेची प्रार्थना) किंवा लादीन ठेवावी आणि चर्चने त्याच्याकडे जावे.

प्रवचनात ‘करा’ आणि ‘करू नका’ यांच्या आधी देवाने काय केले ते एका वाक्यात तरी यावे. ते वाक्य सापडत नसेल तर प्रवचन पुन्हा लिहावे. फेस्ताचे मान, बसण्याच्या जागा, जेवणाची पंगत यांत घराणे आणि जात मधे येते का, हे दरवर्षी मोकळेपणाने बोलावे. अंत्युखियाचा प्रश्न तिथेच उभा असतो.

घरात काय करावे

शुभवर्तमानाची पहिली परीक्षा घरी होते. मुलाला जवळ घेणे त्याच्या गुणांवर अवलंबून ठेवू नये. चूक दाखवावी, पण त्याची जागा पक्की असल्याचे आधी कळू द्यावे. नवरा-बायकोच्या भांडणात ज्याला क्षमा मिळाल्याची आठवण आहे त्याने आधी बोलावे. बाजारात मासळीचे माप आणि गड्याची मजुरी चोख ठेवावी, कारण जक्कयाच्या घरी पाहुणा आला तेव्हा हिशेबही सुधारला. देवाचे देणे आधी आहे म्हणून माणसाचे वागणे सैल होत नाही. त्याला भीतीऐवजी कृतज्ञतेचे बळ मिळते.

चूक झाल्यावर

चूक कळली की तीन गोष्टी करायच्या असतात. भरपाई लगेच करावी. ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरी जाऊन, कारणे न सांगता, माफी मागावी. आणि ज्या नोंदीमुळे चूक झाली ती नोंद बदलावी, नाहीतर पुढच्या वादळात तेच होते.

प्रस्तुत लेखक त्या घरी पुन्हा गेला तेव्हा वहीची, घाईची, कोरोनाची सबब तोंडाशी आली होती. ती गिळून ‘‘काकी, चूक माझी’’ एवढेच म्हणता आले. म्हातारीने कोरा चहा केला आणि समोर बसवले. तोवर तिच्या घराने वर्गणी दिलेली नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. नवी वही त्या पावसाळ्यात वाड्यावाड्यांतून फिरून लिहिली गेली. तीत पैशाचा रकाना नाही.