खणाचे घर

मराठवाड्यातले जुने माळवदाचे घर आपण सारे ओळखतो. पण त्याच्या छपराचे ओझे कोण पेलते? पुष्कळ घरांत ते भिंत पेलत नाही. लाकडी खांब पेलतात.

खाली दगडी उथळे. उथळ्यावर खांब. खांबावर तुळई. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. त्यावर मातीचा जाड थर. हेच माळवद. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. म्हणून तर आपण म्हणतो, "पाच खणांचे घर."

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. भिंतीची आतली व बाहेरची बाजू एकमेकींत गुंतवलेली नव्हती. माळवद भिंतीवर टेकलेले होते तिथे तेही खाली आले. पण कित्येक घरांत भिंती पडल्या, तरी लाकडी सांगाडा उभा राहिला.

जुने घर पाडा, असे आम्ही म्हणत नाही. त्याला जपा. माळवद गळते म्हणून दरसाल मातीवर माती टाकू नका. ओझे वाढते. आधी जुनी माती काढा. खांबाला वाळवी लागली का, ते पाहा. ढिला सांधा सुताराकडून पक्का करून घ्या. भिंत नव्याने रचाल तेव्हा मधून मधून आरपार लांब दगड घाला.

सांगाडा धड असेल आणि भिंत बांधीव असेल, तर घरातली माणसे सुखाने झोपतील.