आकडा बदलला आणि पोस्टग्रेस रुसलं

प्रश्न : आमच्या छोट्या ऑफिसचा हिशेब डॉकरमधल्या पोस्टग्रेस १३ वर चालतो. कंपोज फाइलमध्ये १३ चं १७ केलं, तर कंटेनर सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. 'डेटाबेसच्या फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत' अशा अर्थाचं काहीतरी लॉगमध्ये दिसतं. इमेज बदलली की आवृत्ती बदलते, हाच ना कंटेनरचा फायदा? आमचा डेटा गेला का?

उत्तर : नाही गेला. फाइलमध्ये परत १३ लिहा, हिशेब जिथल्या तिथे दिसेल.

तुम्ही बदललात तो फक्त प्रोग्राम. इमेजमध्ये तेवढाच असतो. डेटा बाहेर व्हॉल्यूममध्ये राहतो आणि तो अजून १३ चाच आहे. त्या व्हॉल्यूममध्ये 'पीजी व्हर्जन' नावाची चिमुकली फाइल सापडेल. उघडलीत तर आत एवढंच : १३. सर्व्हर उठल्याउठल्या ती वाचतो आणि आकडा आपला नसेल तर बाकी कशाला हात न लावता थांबतो. ही अडवणूक तुमच्या भल्याचीच आहे. मुख्य आवृत्ती बदलते तेव्हा पोस्टग्रेसच्या अंतर्गत तक्त्यांची रचनाही बदलते. मोडी न येणाऱ्या कारकुनानं अंदाजानं जुनं दप्तर वाचावं, त्यापेक्षा ते बंद करून ठेवलेलं बरं.

'पण याआधी १३ मध्येच टिंबानंतरचा आकडा बदलला तेव्हा काहीच झालं नाही', असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. टिंबानंतरचा आकडा म्हणजे दुरुस्त्या. तिथे फाइलींची रचना तीच राहते, नुसती इमेज बदलली की झालं. टिंबाआधीचा आकडा ही मुख्य आवृत्ती. (२०१७ साली १० आली तेव्हापासूनचा हा हिशेब, त्याआधी ९.५ आणि ९.६ यासुद्धा वेगळ्या मुख्य आवृत्त्या होत्या.) म्हणूनच कंपोज फाइलमध्ये 'लेटेस्ट' लिहिणं मला पटत नाही, एखाद्या सकाळी नवी इमेज उतरते आणि ध्यानीमनी नसताना हाच प्रसंग उभा राहतो.

जुना डेटा नव्या आवृत्तीत आणायचं काम मायएसक्यूएल ८.०.१६ पासून सुरू होतानाच स्वतः उरकतं, त्यामुळे तिकडून आलेल्यांना हा हट्टीपणा वाटतो. पोस्टग्रेसकडेही 'पीजी अपग्रेड' आहे, पण त्याला जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्राम शेजारी लागतात. अधिकृत इमेजमध्ये एकच असतो. डेटा काही जीबींचा असेल, तर सरळ डम्प काढावा.

१३ चा कंटेनर चालू करा, हिशेबाचं ॲप मात्र बंद ठेवा, नाहीतर डम्प सुरू झाल्यानंतरच्या नोंदी मागेच राहतील. मग 'पीजी डम्पऑल'नं सगळं एका फाइलमध्ये उतरवा. डॉकरच्या कमांडमध्ये टर्मिनल जोडणारा 'टी' पर्याय देऊ नका, त्यानं ओळींच्या शेवटी नको ती चिन्हं घुसतात. फाइलचा शेवट डोळ्यांनी बघा : डम्प पूर्ण झाल्याची ओळ तिथे हवीच. नसेल तर डम्प अर्धवट आहे.

आता १७ ला नव्या नावाचं रिकामं व्हॉल्यूम द्या. रिकामं दिसलं की इमेज त्यात कोरा डेटाबेस मांडते. तो पाहून दचकू नका, त्यात 'पीएसक्यूएल'नं डम्प ओतायचा आहे. 'पोस्टग्रेस' हा रोल आधीच आहे, अशी तक्रार येईल. ती सोडून द्या. बाकीच्या तक्रारी मात्र वाचा. शेवटी 'ॲनालाइझ' चालवा, नाहीतर सुरुवातीला क्वेऱ्या रेंगाळतील.

खरा चकवा याच्यापुढे आहे. कंटेनरच्या आत सगळं दिसतं, पण ॲपला पासवर्ड चुकीचा असल्याचं उत्तर मिळतं. १३ मध्ये पासवर्ड सहसा एमडी५ पद्धतीनं साठवले जात. १४ पासूनची इमेज बाहेरून येणाऱ्याकडे स्क्रॅम पद्धत मागते. डम्पसोबत जुने साठवलेले पासवर्ड जसेच्या तसे आले, म्हणून ही गल्लत. आतून शिरा आणि तोच पासवर्ड पुन्हा एकदा नव्यानं द्या.

थेट १८ ला जायचा विचार असेल, तर आणखी एक फरक : तिथे व्हॉल्यूम 'डेटा' फोल्डरला नव्हे, त्याच्या एक पायरी वरच्या फोल्डरला जोडायचं. आणि एक महिनाअखेरीचा ताळेबंद नव्यावर जुळेपर्यंत जुनं व्हॉल्यूम पुसू नका. कंपोज 'डाउन' करताना 'व्ही' हा पर्याय लावलात, तर फाइलमध्ये नोंदलेली व्हॉल्यूमं कंटेनरबरोबरच जातात.