गाडीवरची धूळ आणि कोरडे फडके

गाडीच्या रंगावर धूळ नुसती पडून राहत नाही, ती चिकटते. ताटात सांडलेली साखर ताट तिरके केले की घरंगळते; बॉनेटच्या उतारावरची धूळ मात्र गाडी ताशी 80 किलोमीटरने धावली तरी बरीचशी जागच्या जागी असते. याचे पहिले कारण कणांच्या बारीकपणात आहे. कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचे वजन हजारपट कमी होते, पण पृष्ठभागाला धरून ठेवणारे बळ साधारण दहापटच घटते. म्हणजे कण जितका बारीक, तितकी वजनाच्या मानाने त्याची पकड घट्ट. हे बळ रेणूंच्या परस्पर आकर्षणाचे असून ते डच शास्त्रज्ञ योहानेस व्हॅन डर वाल्स (भौतिकशास्त्राचे नोबेल, 1910) यांच्या नावाने ओळखले जाते. वाराही ही पकड सहसा सोडवत नाही, कारण धावत्या गाडीच्या पत्र्याला लागून हवेचा एक फार पातळ थर जवळजवळ गाडीबरोबरच चालतो आणि बारीक कण त्याच्या आडोशाला राहतात. डिकीवर तर वाटेत धूळ वाढतेच. गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन भोवरे उठतात आणि चाकांनी उडवलेली माती त्यांत फिरून मागच्या पत्र्यावर येते.

दुसरे कारण स्थिर विद्युत. पत्रा विद्युतवाहक असला तरी त्यावरचा रंग आणि सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, विद्युतरोधक असतो. त्यावर कोरडे कापड घासले की विद्युतभार निर्माण होतो आणि लवकर निघून जात नाही. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसाच हा पृष्ठभाग हवेतले कण ओढून घेतो. त्या कणांवर स्वतःचा भार असण्याचीही गरज नसते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे फार जाणवते. लख्ख पुसलेल्या गाडीवर तासाभरात पुन्हा धूळ दिसते, यात पुसणाऱ्याचा हात मोठा असतो.

हवा दमट झाली की विद्युतभार ओसरतो, पण तिसरे बळ पुढे येते. कण आणि रंग यांच्या फटीत पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होतो आणि तो दोघांना ओढून धरतो. पहाटेचे दव वाळताना धुळीतले क्षार मागे ठेवते आणि कण अक्षरशः सांधले जातात. धुळीत सिमेंट असेल तर प्रकरण याहून गंभीर होते.

प्रस्तुत लेखकाला हे उशिरा कळले. पुण्यातील एका सोसायटीत उघड्यावर उभी राहणारी त्याची गडद निळी गाडी दोन वर्षे रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली जात होती. शेजारच्या भूखंडावर बांधकाम चालू होते. दुसऱ्या हिवाळ्यात, कलत्या उन्हात, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसली. असे ओरखडे खरे तर सर्व दिशांना असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. टपावर करड्या खपल्याही धरल्या होत्या. दवाने घट्ट झालेले ते सिमेंट होते. भांडी घासण्याच्या घासणीने त्या काढण्याचा प्रयत्न झाला आणि खपल्यांबरोबर चकाकीही गेली. पुढे रबिंग-पॉलिश करून वर्तुळे गेली, टपाला मात्र नवा रंग द्यावा लागला.

हे का घडले ते पदार्थांच्या काठिण्यावरून समजते. काठिण्याच्या मोह्‌स मापनावर वाळूतले क्वार्ट्‌झ 7 वर आहे. दख्खनच्या काळ्या दगडाच्या भुकटीतील खनिजे साधारण 5 ते 6.5 च्या दरम्यान येतात, म्हणजे काचेच्या तोडीची. क्लिअर कोट हे तुलनेने मऊ बहुवारिक, आणि त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही कमी. रबिंग म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत हाच थर घासून काढणे. ते दर वर्षी करण्याची चैन कोणत्याही गाडीला परवडत नाही.

म्हणून गाडी धुण्याइतके पाणी नसेल त्या दिवशी धूळ तशीच राहू द्यावी. कोरडी, न घासलेली साधी धूळ रंगाला सहसा इजा करत नाही. काच तेवढी भरपूर पाणी मारून स्वच्छ करावी. धुण्यासाठी गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. आधी हात न लावता टपापासून खाली पाणी सोडावे. सुटणारी रेती याच वेळी जाते आणि सगळ्या धुण्यात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मग गाडीचा शाम्पू आणि मायक्रोफायबरचे कापड. बादल्या दोन असाव्यात, एक फेसाची आणि एक कापड खळबळून घेण्याची. एकाच बादलीत दहा गाड्या पुसणारे फडके पहिल्या गाडीची रेती दहाव्या गाडीवर घासते. दारांखालची पट्टी आणि चाके शेवटी, वेगळ्या कापडाने धुवावीत, कारण ब्रेकमधून झडणारे लोखंडाचे कण तिथे असतात. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. बोअरचे पाणी असेल तर गाडी लगेच टिपून घ्यावी, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात.

मेणाचे पॉलिश धूळ थांबवत नाही, पण पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने ती पाण्याने सहज सुटते. चकाकीसाठी तेलकट द्रव फासण्याने उलटेच घडते. सिमेंटचे ताजे, पातळ डाग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने भिजवलेले कापड काही मिनिटे ठेवल्यास सैल होतात. नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. जाड खपली नखाने किंवा पात्याने खरवडू नये, कारागिराकडे न्यावी. कव्हर घालायचे ते धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या गाडीवरच. धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलते आणि रात्रभर पॉलिशपेपरसारखे घासत राहते.