पात्याला पाणी कशासाठी?

फणस चिरायला बसण्याआधी कोकणातली बाई विळीला आणि हातांना खोबरेल चोळते. विळी तापेल म्हणून ती तेल लावत नाही, चीक धरू नये म्हणून लावते. फिरत्या बँडसॉवर, म्हणजे ओंडका पडला असेल तिथे नेऊन उभ्या करता येणाऱ्या आऱ्यावर काम करणाऱ्यांनी हे स्वयंपाकघरातलं शहाणपण उचलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पात्यावर पाणी सोडायचं ते पातं थंड ठेवायला, असा सर्रास समज आहे. हा समज महागात पडतो. तो एकदा डोक्यात बसला की माणूस टाकीतलं पाणी बघतो, पातं बघत नाही. पातं तापलं की नळ मोठा करतो, निवलं की बंद करतो, आणि फळी लाटांसारखी का निघाली हे त्याला कळत नाही. पाण्याचं खरं काम पातं स्वच्छ ठेवणं हे आहे. पातं स्वच्छ असेल तर ते फारसं तापतच नाही. हे पटलं की पाणी किती, त्यात काय मिसळायचं आणि कधी बंद करायचं, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळत जातात.

मुळात जागा किती आहे ते बघा. या यंत्रांवरचं नेहमीचं पातं सव्वा इंच रुंद आणि 1 मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असतं. दात डावीकडे-उजवीकडे वळवलेले असतात, एकेका बाजूला सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणून लाकडात खाच पडते ती 2 मिलिमीटरच्या आसपास. जुन्या जाड आऱ्यापेक्षा या यंत्रावर भुशात कमी लाकूड जातं ते याचमुळे. पण याचाच दुसरा अर्थ असा की पात्याचं अंग आणि लाकूड यांच्यात दोन्हीकडे फक्त अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळीक उरते, आणि भुसाही त्यातच असतो. आता चिकाळ लाकूड घ्या : फणस, आंबा, रबर किंवा राळेने भरलेलं पाईन. दातांच्या खोबणीच्या वर, पात्याच्या अंगावर आधी चहाच्या डागासारखी एक तपकिरी रेघ उमटते. नख लावलं तर निघते. मग तिच्यावर बारीक भुसा बसतो, तो दाबला जातो, घासून चकचकीत होतो, आणि मग नखाने निघत नाही. हा थर कागदाच्या दोन-तीन पानांइतका झाला तरी अर्ध्या मिलिमीटरातली बरीच जागा गेली. शिवाय तो दोन्ही अंगांना सारखा बसेल असं नाही. एका बाजूला जास्त बसला की पातं वर चढतं नाही तर खाली बसतं, आणि आपण गाइड रोलरला दोष देत राहतो.

उष्णता येते ती या घासण्यातून. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला तर मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा वाढतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण 4 मीटरचं पातं 30 अंशांनी तापलं तर ते जवळजवळ दीड मिलिमीटरने लांबतं, आणि स्क्रूने दिलेला ताण तेवढ्याने सैल पडतो. ताण आपोआप राखणारी स्प्रिंग किंवा हायड्रॉलिक असेल तर ही ढिलाई भरून निघते, पण सगळीच निघत नाही. कारण पातं सगळीकडे सारखं तापत नाही. दातांकडची कड जास्त तापते आणि पाठ त्या मानाने थंड राहते. लांबलेली कड आपल्या पाठीशी जुळत नाही, ती जागा शोधत वर-खाली वळते. फळीवर उठलेली लाट ही त्या वळण्याचीच खूण असते. अशा वेळी अनेक जण यंत्र थांबवून पातं निवू देतात. निवल्यावर चार फळ्या सरळ निघतातही. मात्र थर जागच्या जागी असतो, म्हणून पाचव्या फळीला लाट परत येते.

मग घालायचं काय? माझा कौल साध्या पाण्यात भांडी घासण्याचं लिक्विड मिसळण्याला आहे. 20 लिटरच्या टाकीला पाव-अर्धा पेला पुरतो. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसतं पाणी तिच्यावरून थेंब होऊन घरंगळतं. साबणाने तेच पाणी पात्यावर पसरतं आणि थराला धरायला जागा मिळत नाही. कपडे धुण्याची पूड मात्र नको, तिच्यातले क्षार पात्यावर राहतात आणि गंज ओढवतात. धार किती सोडायची, याचं माप लिटरमध्ये सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. थेंबाथेंबाने सुरुवात करा, फळी निघाली की इंजिन बंद करून पातं बघा. रेघ दिसली तर वाढवा, नसेल तर कमी करा. एका ओंडक्याचं माप दुसऱ्याला लागत नाही, आणि शेंड्याकडचं लाकूडही बुंध्यासारखं वागेल असं नाही.

यावर पहिला आक्षेप डिझेलचा येतो : आमच्याकडे पहिल्यापासून डिझेलच चालतं आणि त्याने राळ चटकन निघते. राळ निघते हे अगदी खरं आहे. अतिचिकट पाईनवर, फडक्याने किंवा फेल्टच्या पट्टीने पुसल्याइतपत डिझेल आणि तेल यांचं मिश्रण लावणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण टाकी भरून ठिबकवत ठेवण्याला माझा विरोध आहे. चाकांवरचा रबरी पट्टा डिझेलने फुगतो आणि मऊ पडतो. फळीला वास राहतो, त्यावर पॉलिश आणि गोंद नीट धरत नाहीत. भुसा गोठ्यात पसरायच्या लायकीचा उरत नाही. आणि तापलेल्या इंजिनाच्या शेजारी डिझेल प्यायलेल्या भुशाचा ढीग, ही जोखीम पात्याच्या किमतीसाठी कुणी घेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओल्या लाकडात मुळातच पाणी असतं, आणि कित्येक लाकडं कोरडीच छान कापली जातात. हे मला मान्य आहे. चीक-राळ नसलेलं लाकूड, धार ताजी, दातांची फाक बरोबर, तर नळ बंद ठेवा. पाणी जास्त झालं तर नुकसानच आहे : ओला भुसा चाकावर लिंपला जातो, पातं उचललं जाऊन थरथरतं. खैर, बाभूळ यांसारख्या लाकडांवर ओल्या लोखंडाने निळे-काळे डाग उठतात. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडलं की शाई होते, त्यातलाच हा प्रकार. पण ओंडक्यातल्या ओलीवर विसंबणं मला पटत नाही, कारण ताज्या ओंडक्यातली ती ओलच चीक घेऊन येते. आणि बोथट पात्यावर पाणी हा उपाय कधीच नव्हे. सागवानातली सिलिका धार खाते तेव्हा पातं बदलायचं असतं, नळ वाढवायचा नसतो.

कामाच्या शेवटाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून त्यावर जरा थांबतो. पातं सेकंदाला सुमारे 25 मीटर धावतं. लांबी 4 मीटर धरली तर ते सेकंदाला सहा फेऱ्यांहून अधिक मारतं, आणि दर फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकतं. तासाला हे वाकणं 45 हजारांच्या घरात जातं. असं वाकणारं पोलाद तुटतं ते एखाद्या लहानशा ओरखड्यापासून, आणि गंजाचा खड्डा म्हणजे तसाच ओरखडा. म्हणून शेवटची फळी निघाली की लाकूड नसताना साबणाचं पाणी सोडून पातं थोडं चालवा. मग नळ बंद करून पंधरा सेकंद कोरडंच फिरवा, पाणी उडून जातं. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि त्यानंतरच हात घालायचा. फिरत्या पात्याला फडकं लावणाऱ्याला तिथेच थांबवा, तो कितीही जुना कारागीर असो. ताण सैल करा, जाड हातमोजे घाला, राहिलेली रेघ रॉकेलच्या फडक्याने दातांच्या उलट दिशेला न ओढता पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. धार लावणाऱ्याकडे राळेचं पातं गेलं तर त्याचा दगड भरतो आणि दात जळून निळे पडतात, तेव्हा ही पुसापुशी त्याच्यासाठीही आहे. पुसताना एकेका खोबणीच्या तळाशी उजेड पडू द्या. केसासारखी बारीक चीर असेल तर ती तिथेच दिसते, आणि फक्त स्वच्छ पात्यावरच दिसते. चीर दिसलेलं पातं गुंडाळून ठेवू नका, बाजूला काढा.