अन्नातील पॉलिअमाइने आणि कर्करोग

संत्री, वाटाणे, सोयाबीन, अळंबी, गव्हाची कणीक अशा आपल्या नित्याच्या आहारातील पदार्थांत पॉलिअमाइन या वर्गाची द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. त्यांपैकी मुख्य तीन होत : प्युट्रेसीन, स्पर्मिडीन व स्पर्मीन. या द्रव्यांचा संबंध कर्करोगाशी जोडला जातो, हे ऐकून कित्येकांच्या मनात भय उत्पन्न होते. ते भय कितपत साधार आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्युट्रेसीनचे नावच प्रथम भय घालते. १८८५ साली जर्मन वैद्य लुडविग ब्रीगर यांनी कुजणाऱ्या प्राणिज पदार्थांत ते शोधून काढले आणि कुजणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास नाव दिले. संस्कृतातील ‘पूति’ हा शब्द त्याच कुळातील होय. परंतु ताज्या, रसाळ संत्र्यातही हे द्रव्य पुष्कळ असते. तेव्हा नावावरून गुणदोष ठरवू नयेत.

आता मोजणीची रीत पाहू. पदार्थाचा तोललेला अंश पर्क्लोरिक आम्लात घोटतात. त्यायोगे प्रथिने तळाशी बसतात व पॉलिअमाइने द्रवात राहतात. या द्रवात डॅन्सिल क्लोराइड मिसळले म्हणजे ते पॉलिअमाइनांशी जोडले जाऊन अतिनील प्रकाशात चमकणारी संयुगे बनतात. मग हा द्रव बारीक कण भरलेल्या नळीतून मोठ्या दाबाने पाठवितात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते आणि त्याच्या चकाकीची तुलना ठाऊक वजनाच्या शुद्ध द्रव्याशी करून प्रमाण काढतात. अशा मोजणीत गव्हाच्या दाण्यातील अंकुराचा भाग स्पर्मिडीनने विशेष समृद्ध आढळला आहे : १०० ग्रॅमांत २० मिलिग्रॅमांहून अधिक. मैदा करताना नेमका हाच भाग वेगळा काढला जातो.

कर्करोगाशी यांचा संबंध काय? पेशी वाढण्यास व विभागण्यास पॉलिअमाइने अवश्य असतात, आणि बहुतेक सर्व पेशी ती स्वतःच घडवितात. कर्कपेशी झपाट्याने वाढतात, म्हणून त्यांत ही निर्मितीही अधिक होते. १९७१ साली अमेरिकेतील डायान रसेल यांनी कर्करुग्णांच्या मूत्रात यांचे प्रमाण वाढलेले असल्याचे दाखविले. पुढे, मोठ्या आतड्यातील गाठी पूर्वी काढलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला व त्याचे फल २००८ साली प्रसिद्ध झाले. पॉलिअमाइनांची निर्मिती रोखणारे एफ्लॉर्निथीन हे औषध सुलिंडॅकसह घेणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांत तीन वर्षांत गाठी पुन्हा आढळल्या. औषधाविना राहिलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते.

यावरून ‘मग ही द्रव्ये असलेले अन्नच वर्ज्य करावे’ असे अनुमान काढणे सोपे आहे, पण ते टिकत नाही. वरील औषध शरीरातील निर्मितीवर चालते. त्या प्रयोगाने अन्न दोषी ठरत नाही. अन्नाविषयीची निरीक्षणेही एकमुखी नाहीत. २०१२ सालच्या एका अमेरिकन पाहणीत अशा आहाराचा आतड्यातील गाठींशी संबंध दिसला. २०१५ साली प्रौढ स्त्रियांच्या मोठ्या पाहणीत मात्र आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला नाही. इटलीतील ब्रुनेक गावी ८२९ माणसांवर वीस वर्षे लक्ष ठेविले असता, आहारात स्पर्मिडीन अधिक असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. तेही स्पर्मिडीनमुळेच, असे निश्चित म्हणता येत नाही. कारण असे अन्न खाणारे लोक भाज्या व कोंड्यासह धान्यही अधिक खात असतील.

म्हणून पालकांनी केवळ भयापोटी मुलांच्या ताटातून वाटाणे, सोयाबीन वा कोंड्यासह कणकेची पोळी काढून घेऊ नये. घरात कोणी कर्करुग्ण असल्यास त्याचे पथ्य वैद्यांनीच ठरवावे. आणि विद्यार्थिमित्रहो, ‘अमुक पदार्थात अमुक द्रव्य आहे’ असे वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा : किती आहे? कोणाच्या शरीरात त्याचा परिणाम पाहिला? आणि कशाशी तुलना केली? तुला द्रव्याचे वजन सांगते. त्याचा परिणाम मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो.