टेस्टच्या दुसऱ्या दिवशी वाढणारे गुण

जून 2025 मध्ये सीबीआयने दोघांना पकडले, एक सोलापूरचा आणि दुसरा नवी मुंबईचा. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मुलाचे गुण वाढवून देतो, असे सांगून त्यांनी पालकांकडे 90 लाख मागितले. मुंबईत परळच्या एका पंचतारांकित हॉटेलात बैठका झाल्या आणि घासाघीस होत आकडा साडेसत्त्याऐंशी लाखांवर आला, असे तपासात पुढे आले. परीक्षा घेणाऱ्या एनटीएमधला कोणीही यात सापडला नाही, हेही सीबीआयनेच सांगितले. म्हणजे विकणाऱ्याकडे माल नव्हताच. त्याच्या आदल्या वर्षी नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने नीटमधल्या गैरप्रकारावरून लातुरातून दोन शिक्षकांना ताब्यात घेतले होते. तो गुन्हाही पुढे सीबीआयकडे गेला.

एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला लातूर आणि मध्ये धाराशिव. गुण वाढवून देतो म्हणणारे फोन इथेही येतात. परंडा तालुक्यातल्या एका घरात 2025 च्या पेपरनंतर तो आला. समोरच्याला मुलाचे नाव ठाऊक होते, परीक्षा केंद्र ठाऊक होते. घरात जमिनीचा तुकडा काढायची भाषा सुरू झाली. तेव्हा मुलगाच म्हणाला, "पप्पा, माझी ओएमआर वेबसाइटवर येणार आहे. आपण घरीच मोजू." उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत आणि तात्पुरती उत्तरसूची आल्यावर बापलेकांनी एकेक प्रश्न ताडून बेरीज केली. एखादे उत्तर चुकीचे वाटले तर प्रश्नामागे 200 रुपये भरून हरकत घेता येते. निकालाआधीच आकडा हातात होता आणि निकाल तोच लागला. हा मुलगा माझा भाचा, म्हणून त्याचे वर्ष जवळून पाहता आले.

फसवणुकीची रीत साधी असते. दहा घरांतून पैसे किंवा कोरे धनादेश घ्यायचे, दोन मुले स्वतःच्या अभ्यासावर पास होतात, त्यांचे पैसे ठेवायचे आणि बाकीच्यांना तारखा द्यायच्या. ज्याने आपले गुण स्वतः मोजलेत, त्याच्यापुढे ही रीत चालत नाही.

मग गुण खरेच वाढतात कुठे? भाचा बारावीनंतर लातूरला रिपीटर बॅचला होता. खोलीवर आई, स्वयंपाकाची शेगडी, भिंतीवर टाइमटेबल. दर रविवारी टेस्ट. जानेवारीपर्यंत गाडी साडेचारशेच्या आसपास अडली होती. सोमवारी सकाळी तो नवा धडा उघडायचा, कारण सिलॅबस मागे राहील ही भीती. त्याच्या जीवशास्त्राच्या सरांनी त्याला नवा धडा बंद करायला लावला आणि चुकलेल्या प्रश्नांपुढे तीनच खुणा करायला सांगितल्या: आलेच नाही, येत होते पण प्रश्न चुकीचा वाचला, वेळ पुरला नाही.

पहिल्याच सोमवारी दिसले की मधल्या खुणा सगळ्यात जास्त होत्या. 'चुकीचे विधान ओळखा' असा प्रश्न आणि त्याने पहिले बरोबर विधान दिसताच गोल भरलेला. जीवशास्त्राचे 90 प्रश्न म्हणजे 720 पैकी 360 गुण, आणि त्यातला मोठा भाग एनसीईआरटीच्या ओळींवरून येतो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची ओळ पुस्तकात शोधून तिच्याशेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची, एवढेच त्याने फेब्रुवारीत केले. एकाच ओळीपुढे दुसरी तारीख पडली की तो परिच्छेद पुन्हा पाठ.

बरोबरला चार, चुकीला वजा एक. त्यामुळे घरोघरी सांगतात, अंदाजाने गोल करू नको. गणित मात्र थोडे वेगळे आहे. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर अशा प्रश्नामागे सरासरी दीड गुण पदरात पडतो. तिथे कोरे सोडणे हे नुकसान. पण काहीच ठाऊक नसताना सरासरी पाव गुण हाती येतो, आणि तसे वीस प्रश्न केले की नशिबाने वीस गुण वजाही होऊ शकतात. बाद करण्याचे कारण मनात सांगता आले तरच गोल, असा नियम भाच्याने केला आणि पाळला. पोरांना 'निगेटिव्हला घाबर' एवढेच सांगून सोडून देणे मला पटत नाही.

पेपर दुपारी दोन ते पाच असतो, मेमध्ये. मराठवाड्यात त्या वेळी जीव नकोसा होतो, आणि बहुतेक मुले सराव करतात सकाळी. शेवटच्या दोन महिन्यांत टेस्ट दुपारी दोनलाच लावावी. ओएमआरचे गोल शेवटच्या दहा मिनिटांत एकदम भरायचे नाहीत. पुस्तिकेचे पान उलटले की त्या पानाचे गोल. बॉलपेनचा गोल पुसता येत नाही.

आकड्यांची तुलना करतानाही जपून. 2024 मध्ये सुरुवातीला 67 जणांना पैकीच्या पैकी गुण जाहीर झाले होते. 2025 मध्ये भौतिकशास्त्र इतके अवघड निघाले की देशात पहिल्या आलेल्याला 686. मागच्या वर्षीचा कटऑफ भिंतीवर चिकटवून रडणाऱ्या मुलांना हे दाखवावे. धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 2022 पासून 100 जागा आहेत. 2020 मध्ये जागावाटपाचे 70:30 चे प्रादेशिक सूत्र रद्द झाल्यापासून राज्य कोट्यात मराठवाड्याचा मुलगा पुण्यामुंबईच्या जागांवरही गुणवत्तेने दावा करू शकतो. पसंतीक्रम भरताना हे कित्येक घरांत अजून लक्षात घेतले जात नाही.

आणि तो फोन आलाच, तर लगेच ब्लॉक करू नये. आधी नंबर, संदेश आणि मागितलेली रक्कम यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 वर कळवावे. 2024 च्या कायद्यात संघटितपणे केलेल्या परीक्षा गैरप्रकाराला पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटी दंड आहे.