सहकाऱ्यांशी तुलना आणि व्यावसायिक विकासाची प्रेरणा

कामाचे वस्तुनिष्ठ मोजमाप उपलब्ध नसेल तेथे माणूस आपल्यासारख्याच व्यक्तींशी स्वतःची तुलना करतो, असा सिद्धान्त लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडला. ही तुलना नवे शिकण्याची उमेद वाढविते की खच्ची करते, हा मनुष्यबळ विकासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

छत्तीसगडचा अनुभव या संदर्भात उद्बोधक ठरतो. १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झालेल्या या राज्याला शिक्षाकर्मी व्यवस्था मध्य प्रदेशाकडून वारसाहक्काने मिळाली. रायपूरसह राज्यभरातील शाळांत एका वर्गावर शिक्षण विभागाचा नियमित शिक्षक, तर शेजारच्या वर्गावर पंचायतीने वा नागरी संस्थेने कमी वेतनावर नेमलेला शिक्षाकर्मी, असे चित्र दिसे. पाठ्यपुस्तक तेच, जबाबदारीही तीच. भेद होता तो नेमणुकीचा. प्रशिक्षण घेऊन, अध्यापन सुधारून हे अंतर ओलांडता येत नव्हते. २०१७ च्या अखेरीस झालेल्या संपाची प्रमुख मागणी म्हणूनच शिक्षण विभागात विलीनीकरणाची होती. आठ वर्षे सेवा झालेल्यांचे विलीनीकरण १ जुलै २०१८ पासून सुरू झाले. २०२० मध्ये ही अट दोन वर्षांवर आली.

शेजारच्या ओडिशातील मजुरांविषयी एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर व योगिता शामदासानी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या प्रश्नाचा गाभा उलगडते. हाती पडणारी मजुरी तेवढीच असूनही, सहकाऱ्यांना अधिक मिळते हे कळल्यावर मजुरांचे उत्पादन घटले व उपस्थिती १८ टक्केबिंदूंनी कमी झाली. मात्र सहकाऱ्याचे अधिक काम डोळ्यांना स्पष्ट दिसत होते, तेथे असा परिणाम आढळला नाही.

याचा अर्थ, विषमतेपेक्षा अनाकलनीय विषमता अधिक घातक असते. पुढे गेलेला सहकारी कोणत्या कौशल्यामुळे पुढे गेला हे दिसत असेल आणि ते कौशल्य मिळविण्याची वाट खुली असेल, तर तुलना मार्गदर्शक ठरते. अन्यथा ती असूयेत वा उदासीनतेत परिणत होते.

म्हणूनच केवळ प्रशिक्षण वर्गांची संख्या वाढविणे पुरेसे नाही. समान कामाच्या अटी समान असणे, पदोन्नतीचे निकष आधी जाहीर होणे आणि प्रशिक्षणाचे फलित सेवेत नोंदले जाणे आवश्यक आहे. संकुल पातळीवरील बैठकांत कुशल शिक्षकाचा पाठ इतरांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाला, तर तुलनेचे रूपांतर अध्ययनात होऊ शकेल. विलीनीकरणाने वेतनातील दरी कमी करण्याचा मार्ग खुला केला. शिकण्याची ओढ टिकविण्याचे काम मात्र अशा न्याय्य व्यवस्थेलाच करावे लागेल.